राष्ट्रीय नाट्यगृहाचं स्वगत

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (हा मी खुर्चीत बसून लिहिला आहे, तेव्हा प्रत्यक्ष घालायचा बाकी आहे असं समज. भेटले की आधी तो, मग बाकीचं.)

तुझा गुडघा कसा आहे? मागे फोनवर तू 'बरा आहे' म्हणालीस, पण ज्या सुरात म्हणालीस त्या सुरात आपल्या घरात फक्त दुसऱ्यांच्या घरच्या स्वैपाकाला बरं म्हणतात, म्हणून पुन्हा विचारते. लस घेतल्यावर ताप आला का? हात दुखला का, आणि दुखला असेल तर तू शेजारणीला सांगितलंस का, की नेहमीप्रमाणे दुसऱ्या हाताने धुणं वाळत घातलंस? तुझे बंधुराज ठणठणीत आहेत. ते सध्या एकावर एक दोन मास्क लावतात आणि विचारलं तर म्हणतात, एक माझ्यासाठी, एक लोकांसाठी. आई म्हणते, तिसरा माझ्यासाठी लावा, म्हणजे बोलणंच बंद होईल. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे ताप नाही, खोकला नाही, वास येतो. बाकीचं पुढे ओघात येईल.) पत्राला तसं काही कारण नाही. सहज लिहिते आहे.

तुला माहीतच आहे की मी राष्ट्रीय नाट्यगृहात पत्रव्यवहार सहायक आहे, म्हणजे आलेली पत्रं उघडायची, त्यांना उत्तरं लिहायची आणि ती सहीसाठी संचालकांच्या टेबलावर अशा जागी ठेवायची की त्यांच्या चहाचा कप त्यांवर येणार नाही. साथ आली आणि नाट्यगृह बंद झालं, तेव्हा संचालक आम्हा सगळ्यांना दाराशी उभं करून म्हणाले होते की घाबरू नका, हे मध्यंतर आहे. (हे सांगण्यासाठी त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला होता. ते मूळचे नट आहेत आणि त्यांनी आयुष्यभर राजेच केले आहेत. राजाचं बोलणं कापडाआडून बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.) पण मध्यंतर लांबत गेलं. प्रेक्षागृहातल्या खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून पांढऱ्या चादरी घातल्या, आणि मग बाल्कनीतून खाली पाहिलं की इस्पितळाचा वॉर्ड पाहतोय असं वाटायचं, म्हणून मी बाल्कनीत जाणं सोडलं. रंगमंचाच्या मधोमध मात्र एक बल्ब सतत जळत असायचा, अंधारात कोणी अडखळून पडू नये म्हणून. कोणी येतच नाही तर पडणार कोण, असं मी दिव्यांचं काम बघणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, बल्ब आहे म्हणून तर कोणी पडलं नाही. यावर मी अजून विचार करते आहे.

अशात एक दिवस सरकारचं पत्र आलं. राष्ट्रीय कला आणि संस्कृती संस्थांसाठी आपत्कालीन साहाय्य जाहीर झालं होतं. पत्र उघडायचं काम माझं असल्यामुळे ही बातमी काही क्षण फक्त मलाच माहीत होती, आणि आत्या, एवढी मोठी गोष्ट एकटीने माहीत असणं मला मुळीच झेपत नाही हे तेव्हा कळलं. मी जिना धावत चढले आणि नंतर आठवलं की धावू नये अशी सूचना त्याच जिन्यावर मीच लावलेली आहे. संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या इमारतीत राष्ट्रीय वाद्यवृंद आहे, त्यांनाही पत्र गेलं असावं, कारण त्यांनी खिडक्या उघडून काहीतरी आनंदाचं वाजवायला घेतलं, अर्थात फुंकायची वाद्यं वगळून, त्यामुळे तो आनंद जरा अर्धवट वाटला. मग संचालकांनी अर्ज माझ्याकडे दिला आणि म्हणाले, लिहा, आणि मन मोठं करून लिहा.

तिथपासून माझी झोप उडाली. अर्जात एक प्रश्न असा होता : आपली संस्था बंद पडल्यास राष्ट्राचे कोणते नुकसान होईल ते थोडक्यात लिहावे. मोठं लिहायचं असतं तर काहीतरी लिहिता आलं असतं. थोडक्यात लिहायचं म्हणजे ते खरंच माहीत पाहिजे. मी दिवसभर प्रेक्षागृहात चादरी घातलेल्या खुर्च्यांमध्ये बसून विचार केला. मग लोकांना विचारायला सुरुवात केली. माझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, बंद आहे होय? औषधाच्या दुकानदाराने विचारलं की नाट्यगृह म्हणजे ते उंच पायऱ्यांचं ना, तिथे सावली बरी असते. टपालवाले म्हणाले, तुमची पत्रं कमी होतील, म्हणजे माझा एक जिना वाचेल, पण तसं नको व्हायला. ही तिन्ही उत्तरं मी नीट लिहून घेतली, पण संचालकांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले की यात राष्ट्र कुठेच नाही.

शेवटी मी प्रॉम्प्टर बाईंना विचारलं. या बाईंची आणि तुझी ओळख नाही, म्हणून जरा सांगते. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात, त्या नाटकाची प्रत मांडीवर घेऊन बसतात आणि नट बोलता बोलता अडला की त्याला पुढचं वाक्य कुजबुजून देतात. नट ते कानाने घेतो आणि डोक्याला न विचारता तोंडाने बाहेर काढतो. हे आत्या, नीट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्या संचालकांचा उभा जन्म या बाईंच्या कुजबुजीवर गेला आहे. बाई बोलायला तिखट आहेत आणि स्वतःबद्दल त्यांचं मत उत्तम आहे. इथल्या प्रत्येक टाळीतली अर्धी माझी, असं त्या शिपायापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना सांगतात. आणि सवय अशी की समोरचा नुसता थांबला तरी यांच्या तोंडून त्याचं वाक्य पुरं होतं. एकदा मी त्यांना 'मला असं वाटतं की' एवढं म्हणून विचार करायला थांबले, तर त्यांनी 'राजीनामा द्यावा' असं पुरवलं. (मी घाबरून दोन दिवस त्यावर विचार केला. मग त्या म्हणाल्या, अगं, वाक्याची लय तशी होती.) तर मी विचारलं, नाट्यगृह बंद पडलं तर काय नुकसान होईल?

"माझं होईल," बाई म्हणाल्या. "राष्ट्राचं राष्ट्राला विचार."

आणि त्यांचं खरोखरच होणार होतं. अर्जात अट होती की प्रयोग बंद असतानाही जी पदं आवश्यक आहेत, त्यांचाच पगार साहाय्यातून मिळेल. पहारेकरी आवश्यक, दिव्यांचे काका आवश्यक, पत्रं लिहिणारी मीसुद्धा आवश्यक. पण जिथे कोणी बोलतच नाही, तिथे अडणार कोण? संचालकांनी मला बोलावून हळूच सांगितलं की प्रॉम्प्टरचं पद अर्जात घेऊ नका. ते वाईट नाहीत, आत्या. त्यांना भीती होती की एक पद फालतू वाटलं तर समिती बाकीच्यांकडेही तशाच नजरेने पाहील आणि सगळेच बुडतील. ते सांगताना त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, ठेवला, उचलला, आणि शेवटी खिशात घातला. मी 'बरं' म्हणाले.

आता कंसाची गोष्ट. शाळेत नाव घालायच्या आधी तूच मला अक्षरं शिकवलीस, आणि कंसही तूच. या दोन वाकड्या रेघा कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणाली होतीस की जे खरं असतं पण कोणी विचारलेलं नसतं, ते आत ठेवायला. तेव्हापासून मी तसंच करत आले. समितीने अर्जावर प्रश्न विचारण्यासाठी संचालकांची व्हिडिओवर मुलाखत ठेवली, आणि उत्तरं मी लिहून द्यायची ठरलं. संचालकांना हवी तशी, मन मोठं करून, मी ती लिहिली. पण जे वाक्य मला स्वतःला पुरतं खरं वाटत नव्हतं, त्याच्यापुढे कंसात खरं काय ते लिहिलं, म्हणजे कागदावर तरी दोन्ही असावं. कंसातलं बोलायचं नाही हे सांगायला मी मुद्दाम गेले. संचालक हसून म्हणाले, कंसातलं कसं घ्यायचं ते आम्हाला शिकवू नका. मी समाधानाने परतले. नाटकाच्या प्रतीत कंसात 'हसतो', 'उठून खिडकीशी जातो' असलं लिहिलेलं असतं आणि ते कोणी मोठ्याने म्हणत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

मला जे ठाऊक नव्हतं ते हे, की आमचं नाट्यगृह जुन्या वळणाचं आहे आणि जुन्या नाटकांत कंसात स्वगतही असतं. स्वगत म्हणजे पात्र मनातलं बोलतं ते. नट प्रेक्षकांकडे तोंड वळवतो, हात तोंडाशी आडवा धरतो आणि मोठ्याने बोलतो. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं, आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राने मात्र ऐकलं नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं असतं. 'हसतो' असलं लहानसं काही कंसात असेल तर ते करायचं, आणि लांबलचक वाक्य असेल तर ते स्वगत, हा या लोकांचा नियम. माझे कंस, तुला माहीत आहे, लांबलचकच असतात.

मुलाखतीचा दिवस उजाडला. संचालकांनी कागद बघून बोलायला साफ नकार दिला (राजा कागद बघत नाही) आणि पाठ करायलाही, कारण समोर पात्र नाही, पदन्यास नाही, पाठ कशाच्या आधाराने होणार. त्यामुळे प्रॉम्प्टर बाईंना संचालकांच्या खोलीतच खिडकीच्या पडद्याआड बसवलं. त्यांच्यासाठी मी उत्तरं मोठ्या अक्षरांत छापून दिली होती, कंसांसकट. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने स्टुलावर बसले, संगणक सांभाळायला. संगणकाच्या पडद्यावर समितीचे तिघे होते. मधोमध अध्यक्षबाई, एका बाजूला सतत लिहिणारे एक चष्मेवाले, आणि तिसऱ्या सदस्यांचं शेवटपर्यंत फक्त कपाळ दिसलं, पण ते कपाळ मन लावून ऐकत होतं.

अध्यक्षबाईंनी नमस्कार चमत्कार झाल्यावर विचारलं की साथीपूर्वी प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा होता. संचालक भारदस्त आवाजात म्हणाले की आमचं प्रेक्षागृह वर्षानुवर्षं रसिकांनी ओसंडून वाहत आलं आहे, आणि अडले. पडद्यामागून कुजबुज आली. बाईंनी मास्क लावलेला असल्यामुळे ती नेहमीपेक्षा जरा जोरात होती. संचालकांनी मान वळवली, हात तोंडाशी आडवा धरला आणि माझ्या दिशेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला बघत, भरल्या आवाजात म्हणाले, ओसंडून हा शब्द संचालकांचा. पुढच्या रांगा भरतात आणि मागच्या रांगांवर आम्ही उजेड पाडत नाही, त्यामुळे त्या रिकाम्या आहेत हे रंगमंचावरून कळत नाही.

आत्या, हा माझा कंस होता. मी हातवारे केले. संचालकांनी ते दाद म्हणून घेतले. ते पुन्हा समोर वळले आणि समितीने काही ऐकलंच नाही अशा थाटात बसून राहिले. समितीसुद्धा सभ्य माणसांची. त्यांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. फक्त चष्मेवाले लिहीत होते.

पुढे नव्या नाटकांचा प्रश्न आला. नवोदित लेखक हे आमच्या संस्थेचे प्राण आहेत, असं समोर सांगून झालं, आणि बाजूला सांगून झालं की शेवटचं नवं नाटक स्वीकारलं तेव्हा त्याचे लेखक नवोदित होते, प्रयोगाला अजून तारीख मिळालेली नाही, आता त्यांना नातवंडं आहेत. मी एव्हाना स्टुलावरून उतरून, चार पायांवर, कॅमेऱ्याच्या खालून पडद्याकडे निघाले होते, पण वाटेत संगणकाची वायर होती, आणि ती निघाली तर मुलाखतच बंद पडली असती, आणि बंद पडलेली चालेल की चाललेली बंद पडावी याचा निर्णय मला तिथे जमिनीवर होईना. राष्ट्राच्या नुकसानीचा प्रश्न आला तेव्हा मी टेबलाखाली होते. वरून मला ऐकू आलं की राष्ट्राचा आत्मा मुका होईल, आणि पाठोपाठ, दुसरीकडे वळून, की हे मला खरंच माहीत नाही, मी विचारलेल्या बहुतेकांना आपण बंद आहोत हेच माहीत नव्हतं.

मग शेवटचा प्रश्न, पदांचा. संचालक म्हणाले, संस्थेतला प्रत्येक माणूस हा तिच्या शरीराचा अवयव आहे. थांबले. आणि मला आठवलं की पुढच्या कंसात काय आहे. मी टेबलाखालून पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली बाईंच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत. कुजबुज आली, आधीच्याइतकीच स्वच्छ, ना हळू ना जोरात. संचालकांनी हात तोंडाशी नेला आणि म्हणाले, "प्रॉम्प्टर बाईंचं पद यात घेऊ नये असं संचालकांनी सांगितलं आहे. मला ते पटत नाही..."

त्यांचं तोंड पुढे गेलं होतं आणि डोकं मागून धावत येत होतं. 'पटत नाही' इथे दोघांची गाठ पडली. संचालक हात तसाच तोंडाशी धरून गप्प झाले. आणि नट अडला म्हटल्यावर पडद्यामागून पुढचं वाक्य आलं, आणि त्याने ते घेतलं नाही म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने, अध्यक्षबाईंनाही ऐकू जाईल असं : "पण माझं मत कोणी विचारलेलं नाही."

मग अध्यक्षबाईंनी फार सौम्यपणे विचारलं की आपण अधूनमधून बाजूला तोंड करून बोलत होता, ते कोणाशी. संचालक म्हणाले, ते स्वगत होतं, ते फक्त प्रेक्षकांना ऐकू जातं. "मग आम्हाला कसं ऐकू आलं?" त्या म्हणाल्या. हे प्रतीत नव्हतं, त्यामुळे पडदा गप्प होता. संचालकांनी हात खाली घेतला. राजांचा आवाज कुठेतरी गेला आणि एका थकलेल्या माणसाचा आला. "तुम्ही प्रेक्षक आहात हे माझ्या ध्यानात आलं नाही," ते म्हणाले. "फार दिवस झाले ना, प्रेक्षक पाहिले नाहीत."

अध्यक्षबाई म्हणाल्या की संस्थेचं म्हणणं आम्ही ऐकलं, दोन्ही प्रकारचं, आणि निर्णय कळवू. कपाळ किंचित हललं. मग संगणकाचा पडदा काळा झाला आणि त्यात मला टेबलाखालून निघणारी मी दिसले.

संचालक उठून गेले. मी खिडकीच्या पडद्याआड बाईंकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं आणि अडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी मला शब्द दिला नाही. मीच म्हणाले की ते पान तुमच्या हातात पडायला नको होतं. त्या म्हणाल्या, पडायला काय, कालच घरी नेऊन सगळं वाचलं होतं. न वाचता बसायला मी काय हौशी आहे? आणि पद जाणार हे तर त्याहून आधीच ठाऊक होतं, पंचवीस वर्षं त्या माणसाच्या श्वासावर कान ठेवून बसले आहे, तो कधी काय लपवतो ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. मग ते वाक्य गाळलं का नाहीत, असं मी विचारलं.

"मी वाक्य गाळत नाही," बाई म्हणाल्या. "आवडलेलं नाही म्हणून गाळायला लागले तर इथली अर्धी नाटकं पानभरसुद्धा चालायची नाहीत. आणि तुझे कंस जरा आवर. श्वास पुरत नाही."

आत्या, त्यानंतर मी पुष्कळ विचार केला आणि तो तुलाच सांगण्यासारखा आहे. आपल्या घरात खोटं न बोलणं हे हात धुण्यासारखं आहे, करायचं म्हणून करतो, त्याचं कौतुक नाही. पण घरात आपण खरं बोललो तर फार तर आपल्यालाच ओरडा बसतो. इथे माझं मन स्वच्छ राहावं म्हणून मी कंसात खरं लिहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या ताटातून जाणार होती. मग तो खरेपणा कोणाचा? माझा, की ज्याला त्याची किंमत भरावी लागली त्याचा? दुसरीकडे, संचालकांनी जे लिहायला सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं असतं, तर बाई त्याच दिवशी गेल्या असत्या, आणि कोणाला कळलंही नसतं. कंसात का होईना, त्यांचं नाव त्या खोलीत मोठ्याने घेतलं गेलं. हे दोन्ही मी आलटून पालटून घोकते आहे आणि दोन्ही बाजूंनी मला पटतं. तुला काय वाटतं ते कळव. (लगेच नको. गुडघा बरा झाल्यावर.)

काही दिवसांनी संचालक कार्यालयात आले. बाई तेव्हा माझ्या टेबलापाशी, माझा चहा नासला आहे हे मला समजावून सांगत होत्या. संचालक अंतर राखून उभे राहिले, मास्क व्यवस्थित नाकावर, आणि म्हणाले, बाई, मला तुमची... आणि अडले. इतके राजे केले त्यांनी, पण एकाही राजाच्या तोंडी हे वाक्य नसावं. बाईंनी वर न बघता, सवयीने, शब्द दिला. "माफी."

"माफी मागायची आहे," संचालक म्हणाले.

"हं. आता पुढचं तुमचं तुम्ही बोला," बाई म्हणाल्या.

आणि ते बोलले. चांगलं नाही बोलले, फार अडखळत बोलले, पण कोणी काही पुरवलं नाही. शेवटी म्हणाले की मी समितीला लिहितो, प्रॉम्प्टरचं पद अर्जात घ्या म्हणून. आणि माझ्याकडे वळून, कंसात नको.

समितीचं उत्तर कालच आलं. इमारत, पहारा, दिवे, पत्रव्यवहार, यांना साहाय्य मंजूर. (म्हणजे मी वाचले. याचा आनंद कसा करायचा ते मला समजत नाहीये.) प्रयोगाशी संबंधित पदांचा, म्हणजे प्रॉम्प्टर बाईंच्याही पदाचा, निर्णय राखून ठेवला आहे. अध्यक्षबाईंनी लिहिलं आहे की संस्था आपल्याबद्दल काय म्हणते ते ऐकलं. आता तिथे तिकीट काढून बसलेल्या माणसांकडून ऐकायचं आहे की या नाट्यगृहाने त्यांना काय दिलं. अशी निवेदनं महिनाअखेरपर्यंत पाठवा. चष्मेवाल्यांच्या अक्षरात खाली एक ओळ होती, की निवेदनं खरी असावीत. संचालकांनी ती वाचली आणि निवेदनं जमवायचं काम मला दिलं.

असं आमचं इकडे चाललं आहे. तू स्वतःला जप. गर्दीत जाऊ नकोस, आणि गर्दी नसली तरी भाजीवाल्याशी हुज्जत घालायला मास्क खाली ओढू नकोस. थोरामोठ्यांना नमस्कार सांग, आणि तिथे थोरली तूच असशील तर तो तुझा तूच घे.

तुझी भाची,
(जिला तू कंस शिकवलेस)

ता. क. वर मी लिहिलं आहे की पत्राला काही कारण नाही. ते तिथपर्यंत लिहिताना खरं होतं असं मला वाटत होतं, पण पुन्हा वाचल्यावर तसं वाटत नाही, म्हणून सांगून टाकते. आपल्या नात्यात नाट्यगृहात आलेले सगळे माझ्या पासवर फुकट बसले. तिकीट काढून आलेली तू एकटी. भाची आहे म्हणून मी फुकट बसणार नाही, असं म्हणून खिडकीवर रांगेत उभी राहिलीस. तेव्हा निवेदन तू लिहावंस, ही विनंती.

ता. ता. क. नाटक फार आवडलं असं लिहू नकोस. तू पहिल्या अंकापासून झोपली होतीस. डाव्या टोकाच्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून. मी शेजारीच होते आणि उठवू की नको या विचारात मला नाटक दिसलं नाही. झोपलेल्या माणसाला प्रेक्षक धरावं का, हे मी समितीच्या कार्यालयाला विचारलं आहे. (तुझं नाव घेतलेलं नाही.) उत्तर अजून नाही.

आणखी एक. घरी परतताना रिक्षात तू जे म्हणालीस ते तुला आठवतं का, मला माहीत नाही. आतोबा गेल्यापासून तुला धड झोप नाही, असं म्हणालीस. रंगमंचावरची माणसं ओरडत होती, त्यांचं काही नाही; पण भिंतीपलीकडे कोणीतरी सारखं हळू बोलत होतं, आपलं माणूस शेजारच्या खोलीत जागं असावं तसं, त्या आवाजावर डोळा लागला, असं म्हणालीस. आत्या, त्या भिंतीपलीकडे प्रॉम्प्टर बाई बसतात. मी त्यांना हे अजून सांगितलेलं नाही, कारण सांगायचं की नाही हे तू ठरवायचं आहेस. समितीला सांगायचं ठरवलंस तर एवढंच लिही, तुझ्या शब्दांत, महिनाअखेरीच्या आत. थोडक्यात चालेल. फक्त कंसात लिहू नकोस.